अंतोनीचं तोंड भिंतीकडं

मार्थामावशीच्या घरात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा ती एका संताला झापत होती.

उगाच पुटपुटत नव्हती, चांगली कमरेवर हात ठेवून उभी होती. कोनाड्यात संत अंतोनीची प्लास्टरची हातभर मूर्ती. तपकिरी झगा, डोक्यावर गोल टक्कल, कडेवर बाळ येशू. त्या मूर्तीचं तोंड भिंतीकडं फिरवलेलं होतं, वर्गातल्या वांड पोराला मास्तर उभं करतात तसं. आणि मावशी त्याच्या पाठीशी बोलत होती, "शकीलाची शेळी कुठाय? मेणबत्ती घेताना बरं तोंड म्होरं करतूस. आता शेळी सापडंस्तोवर ऱ्हा तसाच."

मग एकदम आवाज मऊ करून कडेवरच्या बाळाला म्हणाली, "तुझी काई चूक न्हाई रं राजा. तुला उगं तरास. पण काय करू, संगतच तसली हाय तुझी."

मी दारात रिकामी बादली घेऊन उभी. शेजारी राहायला येऊन आठवडाही झाला नव्हता. पाणी मागावं की आल्या पावली परत फिरावं, काही कळेना. तेवढ्यात ती वळली. "तू ती नांदेडवाली न्हवं? ये की आत. तिकडं बगू नको, शिक्षा चालू हाय."

संत अंतोनी हरवलेल्या वस्तू शोधून देतो, हे मला त्या दिवशी कळलं. आणि तो कामचुकारपणा करायला लागला की त्याला भिंतीकडं तोंड करून ठेवायचं असतं, हेही. शेळी संध्याकाळी सापडली. आमच्या नव्या जिल्ह्याच्या नव्या कचेरीपुढं साहेबांच्या हस्ते झाडं लावली होती. ती सगळी रोपं खाऊन बया व्हरांड्यात रवंथ करत बसली होती. मावशीनं अंतोनीला सरळ केलं, मेणबत्ती लावली आणि म्हणाली, "बग, मनावर घेतलं की जमतंय का न्हाई?"

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. जिल्हा झालं म्हणजे काय झालं, तर पाट्या झाल्या. जिकडं तिकडं ओल्या रंगाच्या पाट्या, भाड्याच्या घरात कचेऱ्या, आणि त्यात आमच्या ह्यांच्यासारखे बदलून आलेले कारकून. पाणी मात्र तालुक्याचंच राहिलं होतं, आणि त्या वर्षी तेही आटलं. मी पडले नांदेडची. गोदावरीकाठची. घाटावर पाय सोडून बसायची आणि पाण्यानं नुसतं खेळायची सवय. पहिल्याच दिवशी मी दोन बादल्या पाण्यानं अंघोळ केली तर गल्लीतल्या बायका मयताला याव्यात तशा गोळा झाल्या. मावशी मागून ओरडली, "गंगेची लेक आलीया बगा! आता तांब्याभर पाण्यात अंगूळ शिकवा हिला!" त्या दिवसापासून माझं नाव नांदेडवाली पडलं ते पडलंच.

मार्थामावशी मूळची जालन्याकडची. नवरा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होता, तो पोर तान्ही असतानाच वारला. सिस्टरांच्या, म्हणजे घरदार सोडलेल्या ख्रिस्ती जोगिणींच्या, दवाखान्यात ती आयाचं काम करायची. सकाळी चर्चमध्ये मिस्सा, मग दवाखाना, आणि उरलेला सगळा दिवस गल्ली. चर्च म्हणजे दवाखान्यामागची पत्र्याची लांब खोली. पण मावशी तिथून निघाली की असं वाटायचं, देवानं दिवसभराची कामं हिच्याच पदरात बांधून दिली आहेत. कुणाची बाळंतीण अडली, कुणाच्या म्हातारीला दवाखान्यात न्यायचंय, कुणाच्या घरात नवरा-बायकोचं वाजलंय, मावशी हजर. बोलावलं नसलं तरी हजर. तिचं एक ठरलेलं वाक्य होतं, "प्रभूला समदं दिसतं गं, पण तोंड मलाच उघडावं लागतं."

आणि तोंड उघडायचा तिला आळस म्हणून नव्हता.

टँकर आला की आमच्या गल्लीत लढाई व्हायची. हंडे हंड्यांवर आपटायचे, झिंज्या निघायच्या. ते मावशीनं बंद केलं. टँकरची नळी तिनं आपल्या ताब्यात घेतली आणि जाहीर केलं, एका घराला दहा नमो मरिया. तिच्याकडं घड्याळ नव्हतं, जपमाळ होती. एका हातात नळी, दुसऱ्या हातात माळ. दहा मणी सरले, मरियामातेच्या दहा प्रार्थना झाल्या, की नळी पुढच्या घराच्या हंड्यात. साहेबाचं घर असो की हमालाचं, दहा म्हणजे दहा.

पण बायका कसल्या ऐकतात! मावशी कुणासाठी भरभर म्हणते आणि कुणासाठी सावकाश, यावर सगळ्यांचे कान लागलेले. त्या पहाऱ्यापायी गल्लीतल्या एकूण एक बाईला नमो मरिया तोंडपाठ झाली. समोरची शकीलाखाला तर मध्येच हात वर करून ओरडायची, "ए मार्था, आधी नमो खा गई तू! फिरसे बोल!" एकदा माझं आणि मावशीचं लोणच्याच्या बरणीवरून भांडण झालं, तर त्या दिवशी माझ्या दहा प्रार्थना उतारावरच्या सायकलीसारख्या सुटल्या. माझा हंडा अर्धाच. आमच्या सासूबाई एकादशी कधी न चुकवणाऱ्या, पण पोळ्या लाटता लाटता त्याही नमो मरिया पुटपुटायला लागल्या. मी विचारलं, "सासूबाई, हे काय?" तर म्हणाल्या, "काई न्हाई, पाणी मोजून राहिले."

मावशीच्या घरी एक मोठा रांजण होता. गल्लीत तो रांजण प्रसिद्ध. कितीही टंचाई असू दे, त्याचा तळ कुणी बघितला नव्हता. तळ दिसायला लागला की घर घाबरतं, असं तिचं म्हणणं. स्वतः घोटभर पिईल, पण रांजण राखील. आणि दारात आलेल्याला पहिला तांब्या त्यातलाच.

एकदा टँकर यायचाच बंद झाला. मावशीनं अंतोनीचं तोंड फिरवलं. "टँकर हरवलाय. हुडक." एवढं सांगून छत्री घेतली आणि भर उन्हात थेट कचेरी गाठली. शिपाई म्हणाला, साहेब मीटिंगमध्ये आहेत. मावशी म्हणाली, "असू द्या. माझी माळ लांब हाय." आणि साहेबांच्या दारासमोर बसकण मारून मोठ्यानं जप सुरू केला. आमचे हे तिथंच टेबलाखाली तोंड लपवून बसले होते म्हणे. दुपारी टँकर आला. मावशीनं घरी येऊन अंतोनीला सरळ केलं, मेणबत्ती लावली.

मी म्हटलं, "मावशी, टँकर तुम्ही आणला. मेणबत्ती त्याला कशाला?"

"अगं, त्याचं तोंड फिरवलं की मला घरात चैन पडत न्हाई. त्यो कवा सरळ व्हतोय म्हणून मी हिंडती. मंग आणला कुणी?"



आता आग्नेसबद्दल सांगते. ही मावशीची एकुलती एक लेक. उंच, सडपातळ, हसताना तोंडावर हात धरणारी. संध्याकाळी ओट्यावर गल्लीतल्या पोरांचा अभ्यास घ्यायची आणि मध्येच आईची नक्कल करून सगळ्यांना लोळवायची. तान्ही असताना तिला हगवण लागली आणि पोर पार सुकून गेली. मावशीनं तिला उचलून चर्चमधल्या वेदीपाशी नेऊन ठेवलं आणि सांगितलं, "हिला वाचीव. वाचली तर ही तुझीच." पोर वाचली. हा किस्सा मावशीनं ज्याला त्याला सांगितला होता. टँकरपाशी सांगितला, एसटीत सांगितला, आमच्या घरी पहिल्यांदा चहाला आली तेव्हा कप हातात यायच्या आत सांगितला. "माझी आग्नेस सिस्टर हुणार. मी सबुद दिलाय."

आग्नेस बारावी झाली आणि एक दिवस जेवताना सहज म्हणाली, "आई, मी मे महिन्यात सिस्टरांकडं जाते. बोलणं झालंय."

मावशीनं सगळ्या गल्लीला शिरा वाटला. लई खूश. बोलायची तर दुप्पट. हिरव्या रंगाची नवी लोखंडी पेटी आणली, ती डोक्यावर घेऊन चर्चमध्ये गेली आणि फादरांकडून तिच्यावर पवित्र पाणी शिंपडून घेतलं. आतून, बाहेरून, झाकणावर. मग कुलूप पुढं केलं. फादर म्हणाले, "मार्थाबाई, कुलपाला कशाला?" ही म्हणाली, "असू द्या फादर. परवासाचं काम हाय." किल्लीवरही शिंपडून घेतलं. किल्लीला लाल दोरा बांधला.

फक्त एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. आग्नेसच्या केसांना तेल लावायला मावशीला हल्ली फार वेळ लागायचा. वेणी घालायची, सोडायची, पुन्हा घालायची. आग्नेस कंटाळून म्हणायची, "आई, झालं की गं." तर म्हणायची, "वाकडी आली."

जायचा दिवस उजाडला. न्यायला आलेल्या सिस्टर खुर्चीवर बसलेल्या. शांत, वयस्कर बाई, मांडीवर छोटी पिशवी. औरंगाबादची बस दुपारची. पेटी आदल्या दिवशीच भरून कुलूप लावून ठेवलेली. नवे कपडे आत, शाळेचे दाखले आत, नव्या वहाणासुद्धा आत. आग्नेसच्या अंगावर घरातली विटकी साडी. आणि किल्ली हरवली.

झालं! सगळी गल्ली कामाला लागली. गाद्या झटकल्या, डबे उपडे केले, चुलीतली राख चाळली. शकीलाखालानं आपल्या शेळीच्या तोंडात हात घालून बघितलं, कारण तिचा भरवसा नव्हता. वर उन्हाचा तडाखा. जो शोधायला येईल त्याला मावशी म्हणायची, "आदी पाणी पी, मंग हुडक." तांब्यामागून तांब्या रांजणात बुडत होता. टँकर बरेच दिवस फिरकला नव्हता, आणि प्रत्येक तांब्यागणिक मावशीचा चेहरा उतरत होता. मला वाटलं, पाणी संपत आलंय म्हणून. पण नको कुणाला म्हणवेना तिला.

ह्यांनी हातोडी आणली. "कुलूप तोडून टाकू, मावशी."

मावशी पेटीवर बसलीच. "फादरांनी आशीर्वाद दिलेलं कुलूप हाय! त्याच्यावर हातुडा घालता? लाज वाटत न्हाई?"

सिस्टर सौम्यपणे म्हणाल्या, "मार्थाबाई, पेटी अशीच घेऊन जाऊ. तिथं उघडता येईल."

"तितं गेल्या गेल्या पेटी फोडत बसायचं? पयल्याच दिवशी? समद्या म्हणतील, हिच्या आईनं साधी किल्ली देली न्हाई नीट." मग म्हणाली, "त्यापरीस पुढल्या साली जाऊ दे की सिस्टर. कुठं पळून चाललीया का पोरगी?"

 सिस्टरांनी घड्याळ बघितलं आणि त्यांना ठसका लागला. मी पाणी आणायला आत गेले.

रांजणात तांब्या घातला तर खालीच लागला. खर्रकन आवाज झाला. तांब्या वर काढला तर त्यात पाण्याबरोबर लाल दोरा, आणि दोऱ्याला किल्ली.

मी वळून बघितलं. मावशी दारात उभी होती. तिनं बघितलं होतं. मी आजवर तिला कचेरीत साहेबापुढं बघितलं होतं, भांडणात बघितलं होतं, मयतात बघितलं होतं. असा चेहरा कधी बघितला नव्हता. बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

मी किल्ली पुन्हा रांजणात सोडली, वर झाकण ठेवलं आणि मोठ्यानं म्हटलं, "मावशी, पाणी संपलं. माझ्या घरून आणते."

"थांब," मावशी म्हणाली.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून आग्नेसचा आवाज आला. "आई, अंतोनीचं तोंड फिरीव की. आज कामून फिरीवलं न्हाईस?"

सगळ्यांनी कोनाड्याकडं बघितलं. खरंच की! सकाळपासून सगळं घर उपडं केलं होतं आणि अंतोनी मात्र आरामात आमच्याकडं तोंड करून उभा होता, कडेवर बाळ घेऊन.

मावशी म्हणाली, "त्याला शिक्षा कशाला? त्याची काई चूक न्हाई."

 मावशीनं पदर खोचला, रांजणावरचं झाकण काढलं आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. किल्ली काढली, पदरानं पुसली आणि बाहेर येऊन आग्नेसच्या हातात दिली.

सिस्टर म्हणाल्या, "अरे, ही पाण्यात कशी गेली?"

मावशीच्या तोंडून शब्द फुटेना.  शकीलाखाला मात्र तयारच होती. म्हणाली, "सिस्टर, ऐसे दुष्काळमें चाबीकू भी प्यास लगती नै क्या?"

सगळे हसले. सिस्टरही हसल्या, जरा जास्तच वेळ हसल्या. आग्नेस हसली नाही. ती आईचा ओला हात धरून तशीच उभी राहिली.

"आई, नको जाऊ का?"

"मी सबुद दिलाय."

"तुझ्या सबदापायी न्हाई चालले मी. मला जायचंय म्हणून चालले. तू कुणाला काई सबुद दिला नसतास तरी गेले असते."

"खरं सांगतीस?"

"तुझ्या अंतोनीची शपथ."

 मावशीनं तिच्या पाठीत एक धपाटा घातला. "मंग आवर की भवाने! बस काय तुज्या बाची हाय का, थांबायला?"

बसस्टँडवर मावशी पहिल्यासारखी झाली होती. पेटी टपावर नीट बांधली नाही म्हणून तिनं हमालाला झापलं. सिस्टरांना खिडकीची जागा मिळावी म्हणून एका धडधाकट बाप्याला उठवलं. कंडक्टरला बजावलं, "पोरगी पयल्यांदाच लांब चाललीया, वाटेत बस थांबली की पाणी विचारा तिला." कंडक्टर मुकाट्यानं हो म्हणाला. बस हलली तेव्हा आग्नेस खिडकीतून हात हलवत होती आणि तिच्या तोंडावर हात नव्हता, पहिल्यांदाच तिचे सगळे दात दिसत होते. मी रडले. शकीलाखाला तर बुरख्याच्या टोकानं नाक पुसत हुंदके देत होती. मावशीच्या डोळ्यात टिपूस नाही. उलट आम्हांलाच म्हणाली, "उगं पाणी वाया घालवू नगा. टंचाई हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्याकडं वाटीभर आमटी घेऊन गेले. घर आवरलेलं, चूल थंड, मावशी भुईवर बसलेली. सहज कोनाड्याकडं नजर गेली तर अंतोनीचं तोंड भिंतीकडं.

मी हसले. म्हटलं, "मावशी, आता ह्यानं काय केलं? काय हरवलं?"

"काई न्हाई हरवलं. पोरगी कुठं हाय ते ठावं हाय मला."

"मग शिक्षा कशाची?"

"शिक्षा न्हाई गं." तिनं पदर तोंडाशी नेला. "दिसभर म्होरं उभा ऱ्हातो त्यो, लेकरू कडेवर घिऊन. त्येच्या कडेवर हाय आन् माझी कड रिकामी. दोन दिस मला बगवणार न्हाई. मंग करीन सरळ."

मी आमटीची वाटी खाली ठेवली आणि तिच्याशेजारी बसले. तिचा हात हातात घेतला. 

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टँकरचा हॉर्न वाजला. मावशीनं तोंड पुसलं, खुंटीवरची जपमाळ घेतली. "ऊठ नांदेडवाले, हंडा आण. पुन्ना म्हणशील, मला कमी मिळालं."

बायकांची रांग लागली. मावशीनं नळी धरली, माळ धरली आणि सुरुवात केली. पहिल्याच हंड्याला ती नमो मरिया म्हणता म्हणता मध्येच थांबली. शब्द पुढं येईना. नळीचं पाणी वाहत राहिलं, पहिल्या घराचा हंडा भरला, घागर भरली, बादली भरली.

पुढचा शब्द रांगेतल्या एकूण एक बाईला पाठ होता. शकीलाखालाला होता, सासूबाईंना होता, मलाही होता. पण त्या दिवशी कुणी ओरडलं नाही. मावशीला तो सापडेपर्यंत आम्ही सगळ्या आपापले रिकामे हंडे घेऊन गप्प उभ्या राहिलो.